कानाचा कॅन्सर काढल्यावर कान पुन्हा कसा घडवतात

त्वचेच्या कॅन्सरसाठी कानाचा तुकडा काढावा लागणार म्हटलं की घरातलं प्रत्येक जण विचारतं, "मग कान दिसेल कसा?" प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी दोन प्रश्न सुटावे लागतात. कॅन्सर मुळापासून निघाला का? आणि कानाचे कोणकोणते थर गेले? शस्त्रक्रिया कुठली करायची हे जखमेच्या आकारापेक्षा या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. करंगळीच्या नखाएवढी जखम कानाच्या वाटीत असेल तर कधीकधी एक टाकाही लागत नाही. तेवढीच जखम कानाच्या कडेवर असली तर शिवावंच लागतं, कधी निम्मी कड सोडवून सरकवावी लागते.

हा लेख रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी आहेच, पण वाडीवस्तीतल्या फॅमिली डॉक्टरांनाही तो उपयोगी पडावा अशा बेताने लिहिला आहे. मुंबईत उपचार घेणाऱ्यांना लागणारी माहिती त्या त्या ठिकाणी दिली आहे.

कानाची घडण, कामापुरती

कान म्हणजे पुढची कातडी, मधली कूर्चा (कानाला आकार देणारं मऊ, लवचीक हाड) आणि मागची कातडी. पुढची कातडी कूर्चेला घट्ट चिकटलेली असते, चिमटीत धरायला गेलं तर सुटून येत नाही. मागची सैल असते, बोटाने सरकते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही अंगांना एक पातळ आवरण असतं आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. हे आवरण निघालं आणि कूर्चा उघडी पडली की दोन गोष्टी होतात: कूर्चा सुकून मरायला लागते, आणि तिच्यावर लावलेली कातडी जगत नाही. कानाच्या शस्त्रक्रियेतले निम्मे निर्णय या एका गोष्टीवरून होतात.

मोठ्या माणसाचा कान साधारण ६ ते ६.५ सेंटिमीटर उंच आणि उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त रुंद असतो. डोक्यापासून तो दीड ते दोन सेंटिमीटर पुढे येतो. बाहेरची वळलेली कड, तिच्या आतली पन्हाळी, मग दुसरी कमान, मधोमध वाटी, भोकासमोरचा छोटा उंचवटा आणि खाली पाळी, असे त्याचे भाग. पाळीत कूर्चा नसते. ही बारीक गोष्ट पुढे जंतुसंसर्ग ओळखताना कामी येते.

रक्त दोन बाजूंनी येतं, कानामागच्या धमनीतून आणि कानशिलावरच्या धमनीतून. म्हणून कानाचा पुरवठा भरपूर असतो आणि अरुंद देठावर राहिलेला तुकडाही बऱ्याचदा जगतो.

आधी कड मोकळी, मग कान

कानावर मुख्यतः बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल हे दोन कॅन्सर होतात, मेलॅनोमा क्वचित. आपल्या सावळ्या कातडीवर बेसल सेल कॅन्सर बऱ्याचदा काळपट दिसतो आणि "जुना तीळ आहे" म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो. खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली धरते. असं महिनाभराहून जास्त चाललं असेल तर मलम बदलत बसू नका, बायोप्सी करा. स्क्वॅमस सेल कॅन्सर कानावर झाला तर तो इतर जागांपेक्षा जास्त जोखमीचा धरतात. तो गालातल्या लाळग्रंथीजवळच्या आणि मानेतल्या गाठींकडे जाऊ शकतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी गाल, कानामागची जागा आणि मान हाताने तपासलीच पाहिजे. शंका असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन.

गाठ काढताना भोवतालची निरोगी दिसणारी कातडीही घेतात. कमी जोखमीच्या बेसल सेलला साधारण ४ मिलिमीटर, स्क्वॅमस सेलला ४ ते ६ मिलिमीटर, जोखमीच्या गाठीला त्याहून जास्त. कानावर एकेक मिलिमीटर मोलाचा असतो, म्हणून शक्य असेल तिथे मोझ पद्धत वापरतात. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक मोझ यांनी १९३०च्या दशकात ती सुरू केली. पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, जिथे कॅन्सर उरला असेल तिथूनच पुढचा थर घ्यायचा. ही सोय सगळीकडे नसते. तिथे फ्रोझन सेक्शनवर (तुकडा गोठवून शस्त्रक्रिया चालू असतानाच केलेल्या तपासणीवर) काम करतात, नाहीतर नेहमीच्या पॅराफिन रिपोर्टसाठी (तुकडा मेणात बसवून केलेल्या तपासणीसाठी) साधारण आठवडाभर थांबतात. मेलॅनोमाला फ्रोझनवर विसंबू नये. तिथे पक्का रिपोर्ट येईपर्यंत थांबणंच बरं.

त्या आठवड्यात कान उघडा ठेवायचा या कल्पनेने लोक घाबरतात आणि "एकाच वेळी सगळं करून टाका" असा आग्रह धरतात. धरू नका. फ्लॅप (रक्तपुरवठ्याच्या देठासकट उचलून सरकवलेली कातडी) फिरवल्यावर कळलं की कडेला कॅन्सर उरला आहे, तर कुठल्या कडेला तेच सांगता येत नाही, कारण कातडी जागेवरून हललेली असते. मग चांगला फ्लॅपही वाया जातो आणि कॅन्सर त्याच्याखाली दडतो. जखम पॅराफिन गॉझखाली ओलसर ठेवली, रोज ड्रेसिंग झालं, कूर्चा सुकू दिली नाही, तर आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

रिपोर्ट हातात आला की एवढं बघा: कड आणि तळ मोकळे आहेत का आणि किती मिलिमीटरने, गाठीची खोली किती, कूर्चेत शिरली आहे का, मज्जातंतूभोवती पसरली आहे का, पेशी कितपत बिघडलेल्या आहेत. यातलं काही वाईट असेल तर नंतर रेडिएशन लागू शकतं, आणि तसं असेल तर कान घडवण्याचा बेतही बदलतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा दुसऱ्या कॅन्सर रुग्णालयात जाणार असाल तर बाहेर केलेल्या बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा बघतात, आणि ब्लॉक नसले की परत लॅबपर्यंत एक खेप होते. केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. गाठ काढणारा आणि कान घडवणारा सर्जन वेगवेगळे असतील तर दोघांनी तुम्हाला शस्त्रक्रियेआधी एकत्र नाही तरी निदान एकेकदा बघितलेलं असावं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी लागते. दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया ठरली असेल तर दुसऱ्या टप्प्याचं काय, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. गावाहून येणाऱ्यांची राहायची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत होऊ शकते. तिथे रुग्णालयाची कागदपत्रं लागतात.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधं मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असताना गोळी थांबवल्याचा धोका कानातल्या थोड्या जादा रक्तस्रावापेक्षा फार मोठा असतो. निर्णय सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर मिळून घेतील. मधुमेह असेल तर साखर ताळ्यावर आणा.

आणि तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपचं टोक काळं पडतं. विडी-सिगारेट तर झालीच, पण मिश्री, गुटखा आणि गालात धरलेली चिमूटही यातच आली. "मी ओढत नाही" म्हणणाऱ्या आजी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत असतात, आणि त्यांना कोणी विचारतही नाही. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत सगळं बंद.

भूल आणि तयारी

पूर्ण कान नव्याने उभारायचा नसेल तर बहुतेक काम स्थानिक भूल देऊन होतं. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध ॲड्रेनलिनसह वापरतात. "कानाला ॲड्रेनलिन देऊ नये" ही जुनी धास्ती आहे. १:२,००,००० प्रमाणात ते सुरक्षित आहे आणि रक्तस्राव कमी करतं. ॲड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. एका कानाला १ टक्क्याचं १० ते १५ मिलिलिटर पुरतं, म्हणजे मर्यादेच्या बरंच आत. सुई कानाच्या वर आणि खाली अशा दोनच ठिकाणी टोचून चारी अंगांनी पतंगाच्या आकारात औषध सोडतात. एवढं करूनही वाटी बधिर होत नाही, कारण तिची संवेदना वेगळ्या मज्जातंतूची असते. तिथे वेगळी टोचणी लागते. या मज्जातंतूला धक्का लागला की काही जणांना अचानक खोकला येतो, त्याने घाबरू नये.

कानाच्या भोकात कापसाचा बोळा घालतात, नाहीतर रक्त पडद्यावर साकळतं आणि रुग्णाला आठवडाभर ऐकू कमी येतं. कान धुवायला पोव्हिडोन आयोडिन चांगलं. क्लोरहेक्सिडिन आतल्या कानात गेलं तर श्रवणाला अपाय होतो, म्हणून ते कानाजवळ टाळतात.

मोठं काम असेल तर चांगल्या कानाचा साचा घेतात. त्याला जुनी एक्सरे फिल्म उत्तम. ती धुऊन पारदर्शक करायची, चांगल्या कानावर ठेवायची, मार्करने बाहेरची कड आणि आतली कमान काढायची, कात्रीने कापायची आणि मग उलटी करायची. म्हणजे उजव्याचा डावा झाला. हा तुकडा निर्जंतुक करून टेबलावर ठेवला की किती कूर्चा आणि किती कातडी हवी ते नजरेच्या अंदाजावर सोडावं लागत नाही.

नुसती कातडी गेली असेल

कूर्चेवरचं आवरण शाबूत असेल तर दोन रस्ते. वाटी आणि वरच्या त्रिकोणी खळग्यासारख्या खोलगट जागा आपोआप भरू देता येतात. रोज सलाइनने पुसायचं, व्हॅसलिनचा थर द्यायचा, न चिकटणारी पट्टी लावायची. चार ते सहा आठवड्यांत खळगा भरतो, आणि व्रण आतल्या सावलीत असल्याने डोळ्यात येत नाही. वयस्क, दुर्बळ माणसासाठी हा फार चांगला मार्ग आहे, आणि "काहीच केलं नाही" असं वाटून तो नाकारू नये. कडेवर किंवा कमानीवर मात्र हे चालत नाही. तिथे व्रण आकसतो आणि कान ओढला जातो.

दुसरा रस्ता पूर्ण जाडीच्या कातडीचा ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून पूर्ण सुटी काढून आणलेली कातडी. ती कानामागून, कानापुढून किंवा गळपट्टीच्या हाडावरून घेतात, रंग जुळतो. आतली चरबी कात्रीने पूर्ण काढायची, ग्राफ्टला बारीक छेद द्यायचे आणि वर कापसाचा गोळा टाक्यांनीच बांधायचा. हा गोळा ५ ते ७ दिवस हलवायचा नाही. ग्राफ्ट जगतो तो खालून आत शिरणाऱ्या बारीक वाहिन्यांवर, आणि खाली रक्त साचलं किंवा कातडी सरकली तर त्या तुटतात.

आवरण गेलेलं असेल तर उघड्या कूर्चेवर ग्राफ्ट लावणं म्हणजे फरशीवर रोप लावणं. अशा वेळी वाटीतली कूर्चा तेवढी काढून टाकतात आणि मागच्या कातडीच्या आतल्या बाजूवर ग्राफ्ट बसवतात. कड आणि कमान टिकलेली असेल तर वाटीची कूर्चा काढूनही कानाचा आकार ढळत नाही. नाहीतर कूर्चेला २ मिलिमीटरची काही भोकं पाडतात, म्हणजे मागच्या कातडीतून रक्तवाहिन्या पुढे येतात.

वाटीला आरपार भोक पडलं तर कानामागची कातडी बेटासारखी कापतात. निम्मी कानाच्या पाठीवरची, निम्मी डोक्यावरची, आणि देठ मधल्या खाचेत. मग फिरत्या दारासारखी ती भोकातून पुढे आणतात आणि मागची जागा सरळ शिवतात. एकाच बैठकीत होतं, रंग जुळतो. भोक कानाच्या नळीपर्यंत गेलं असेल तर नळी आकसू नये म्हणून काही महिने आत स्टेंट (आधाराची पोकळ नळी) ठेवावा लागतो. तो काढायची घाई अजिबात नको.

कड गेली असेल: मुंबईतून जगभर गेलेला फ्लॅप

कानाचा कॅन्सर पुष्कळदा कडेवर होतो, ऊन तिथे जास्त पडतं. कडेतला खाचा एक-दीड सेंटिमीटरपर्यंत असेल तर त्रिकोणी पाचर काढून थेट शिवता येतं. पाचरीचं टोक अरुंद हवं. रुंद त्रिकोण ओढून शिवला तर कान पुढे वाकून द्रोणासारखा होतो. म्हणून दोन्ही अंगांना लहान त्रिकोण जादा काढतात आणि ताण वाटून देतात.

त्याहून मोठ्या, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या खाचेसाठी जो फ्लॅप जगभर वापरतात तो मुंबईचा आहे. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशीर अंटिया आणि डॉ. बुच यांनी तो १९६७ साली प्रसिद्ध केला. कुष्ठरोगाने विद्रूप झालेले चेहरे आणि हात दुरुस्त करण्यात अंटियांनी उमेदीची वर्षं घातली. मुंबईकरांना त्यांचं नाव यापेक्षा जास्त माहीत असायला हवं.

पायऱ्या अशा. गाठ काढून उरलेल्या खाचेच्या दोन्ही टोकांपासून कडेच्या आतल्या पन्हाळीत रेषा काढायची, खाली पाळीपर्यंत आणि लागलं तर वर कडेच्या मुळापर्यंत. मागच्या कातडीखाली भूल सोडताना ती थोडी फुगवून कूर्चेपासून सुटी करायची. १५ नंबरच्या ब्लेडने पुढची कातडी आणि कूर्चा कापायची आणि तिथेच थांबायचं. कूर्चा कापताना ब्लेडला हलका कुरकुरीत अडसर लागतो. तो सुटला की हात थांबलाच पाहिजे, कारण कूर्चेपलीकडची मागची कातडी हाच फ्लॅपचा देठ आहे. मग कान उलटा धरून मागची कातडी कूर्चेवरच्या आवरणाच्या वरून खाचेपर्यंत सोडवायची. आता कड मागच्या कातडीवर सैल लोंबते आणि खाचेकडे सरकते. पुरेशी आली नाही तर कडेच्या मुळाशी इंग्रजी व्ही आकाराचा छेद घेऊन वाय आकारात शिवायचा, आणि पाळीतली ढील वर घ्यायची. वर्षानुवर्षं जड कुड्या-झुबे घालून ज्यांच्या पाळ्या लांबलेल्या असतात त्यांच्या कानात ही ढील भरपूर मिळते.

एवढं करूनही ताण राहिला तर पन्हाळीतली कूर्चा चंद्रकोरीएवढी कमी करायची. कान थोडा लहान होतो, पण दोन्ही कान समोरून एकाच वेळी कोणी निरखत नाही, म्हणून पाऊण सेंटिमीटरचा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. उलट चंद्रकोर काढायला कचरलं तर बाहेरची कड आखूड आणि आतला भाग मोठा असा मेळ बिघडतो आणि कान पुढे मुडपतो.

पहिला टाका कडेच्या अगदी टोकावर, दोन्ही बाजूंची उंची जुळवून. कूर्चेला ५-० जाडीच्या धाग्याचे टाके तिच्या आवरणातून घ्यायचे, नुसत्या कूर्चेतून घेतले तर धागा ती कापत जातो. कातडीला ६-० नायलॉन, आणि कडेवर जखमेचे ओठ किंचित बाहेर वळवून शिवायचे. आज थोडा उंचवटा दिसला तरी चालेल. व्रण आकसला की तो सपाट होतो. आज सपाट शिवलं तर तीन महिन्यांनी तिथे खाच पडते. कडेवरची ही खाच सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

मागे कातडीची सुरकुती जमते ती त्रिकोणात काढतात. वरच्या कडेला बुगडीचं किंवा भिकबाळीचं जुनं भोक असेल तर सर्जनला आधीच दाखवा. छेद आखताना ते वगळता येतं.

मोठा तुकडा गेला असेल

कडेचा तिसरा हिस्सा गेला तर दोन टप्प्यांचं काम येतं. पहिल्या टप्प्यात कानामागच्या बिनकेसांच्या कातडीचा फ्लॅप उचलून जखमेच्या पुढच्या कडेला शिवतात. आधाराला दुसऱ्या कानाच्या वाटीतली कूर्चा मध्ये ठेवतात. फ्लॅप साच्यापेक्षा जरा मोठा घेतात, कारण उचलताच कातडी आकसते. साधारण तीन आठवड्यांनी, फ्लॅपला कानाकडून रक्त मिळू लागल्यावर, मागचा देठ कापतात, फ्लॅप कडेभोवती दुमडतात आणि मागच्या उघड्या जागेवर ग्राफ्ट लावतात.

मधले तीन आठवडे कान डोक्याला जोडलेला राहतो. रोज सकाळ-संध्याकाळ सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने मागची फट साफ करायची आणि मलमाचा पातळ थर द्यायचा. मुंबईच्या दमट हवेत ही फट ओली राहिली तर वास येतो, मग बुरशी. ज्यांची केसांची रेषा कानाजवळ खालून जाते त्यांच्या नव्या कडेवर पुढे केस उगवतात. हे आधी सांगायला हवं. ते लेझरने काढता येतात.

पाळी एकटी गेली तर ते सोपं. पाळीला कूर्चा नको असते, मानेवरची दुमडलेली कातडी पुरते. सुश्रुतसंहितेत फाटलेली पाळी जोडण्याचे १५ प्रकार दिले आहेत आणि गालाची कातडी देठासकट वळवून पाळी करण्याची रीतही.

पूर्ण कान गेला तर

इथे शांतपणे विचार करावा लागतो. बरगड्यांच्या कूर्चेतून सांगाडा कोरून, कानशिलावरच्या पातळ पडद्याने झाकून, वर कातडी लावून कान उभारता येतो. सहाव्या ते आठव्या बरगडीची कूर्चा घेतात. तरुणाला हे छान जमतं. साठीत ही कूर्चा बहुधा चुना साठून ठिसूळ झालेली असते, कोरताना तुकडे पडतात. शिवाय छातीत दुखतं, फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडण्याचा धोका असतो, आणि हे सगळं किमान दोन टप्प्यांत, मध्ये काही महिने. सच्छिद्र प्लास्टिकचा तयार सांगाडाही मिळतो, पण वरची कातडी एकदा फाटून तो उघडा पडला आणि जंतू शिरले तर बऱ्याचदा तो काढावाच लागतो. त्यात रेडिएशन झालेलं असेल तर कातडीची भरून येण्याची ताकद आणखी कमी.

म्हणून कॅन्सरच्या वयस्क रुग्णासाठी सिलिकॉनचा कान हा पुष्कळदा पहिला पर्याय ठरायला हवा. तो हार मानणं नव्हे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय इथल्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात आणि चेहऱ्याचे कृत्रिम अवयव बनवणाऱ्या) विभागांत चौकशी करा. कृत्रिम कान हा त्यांच्याच शास्त्राचा भाग आहे. चांगल्या कानाचा साचा घेऊन मेणात उलटा कान कोरतात, तो चेहऱ्यावर धरून उंची आणि कल बघतात, मग सिलिकॉन ओततात. रंग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, रुग्णाला शेजारी बसवून एकेक थर चढवत जुळवतात. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग रस्त्यावर येताच वेगळा दिसतो.

तो बसवायचे दोन मार्ग: गोंद किंवा कानामागच्या हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू. गोंद स्वस्त आहे, पण मे महिन्यात घाम आला की दुपारपर्यंत कड सुटायला लागते. स्क्रूवर लोहचुंबक किंवा क्लिप बसते आणि कान खात्रीने टिकतो. हाडाने स्क्रू धरायला साधारण तीन महिने जातात, आणि स्क्रूभोवतीची कातडी रोज मऊ ब्रशने साफ करावी लागते. ऊन-घामाने सिलिकॉनचा रंग उतरतो, एक-दोन वर्षांनी नवा कान करावा लागतो. साचा जपून ठेवायला सांगा. गाठ काढण्यापूर्वीच सिलिकॉनचा कान ठरला असेल तर, कॅन्सर आड येत नसेल तिथे, भोकासमोरचा उंचवटा राखतात. कृत्रिम कानाची पुढची कड त्याच्यामागे झाकली जाते.

निर्णय घेताना आरशाआधी चष्म्याचा विचार करा. चष्म्याची काडी कानाच्या वरच्या मुळावर आणि मागच्या खाचेत टेकते. कानामागचं श्रवणयंत्रही तिथेच. ही जागा जाणार असेल तर ती परत मिळवणं हे कडेच्या नक्षीपेक्षा मोठं काम आहे.

पहिले ४८ तास आणि नंतर

कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचणं ही सुरुवातीची सर्वांत वाईट गोष्ट. कूर्चेचं पोषण तुटतं आणि कान पुढे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गाठाळतो. म्हणून २४ ते ४८ तासांत एकदा ड्रेसिंग उघडून बघतात. ठणका वाढत चालला, कान ताणल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री जा.

फ्लॅपचा रंग घरच्यांनीही बघायला शिकावं. सावळ्या कातडीत निळेपणा लवकर कळत नाही, त्यासाठी दोन्ही कान एकाच उजेडात शेजारी बघा. बोटाने हलकं दाबून सोडलं की दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढरट, गार आणि रंग उशिरा येणारा फ्लॅप म्हणजे रक्त पोचत नाही. जांभळट, फुगलेला आणि रंग क्षणात येणारा म्हणजे रक्त परत जात नाही. अशा वेळी काही टाके सोडतात, कधी जळवाही लावतात. दोन्हीत उशीर नको.

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कान लाल, गरम आणि हात लावू न देणारा झाला, पण पाळी मात्र साधीच राहिली, तर कूर्चेला जंतुसंसर्ग झाला असं समजावं. पाळीत कूर्चा नाही म्हणून ती सुटते. यामागे बहुधा स्यूडोमोनास हा जंतू असतो आणि नेहमीची ॲमॉक्सिसिलिन त्याला पुरत नाही. डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं औषध निवडतात, पू असेल तर काढतात. उशीर झाला तर कूर्चा विरघळते आणि केलेला सगळा आकार जातो.

टाके साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी निघतात. तीन-चार आठवडे त्या कुशीवर झोपायचं नाही. उशीला मध्ये खळगा करून घ्या. मास्कची दोरी कानाऐवजी डोक्यामागे बांधा. हेल्मेट चढवताना कान दुमडतो, म्हणून महिनाभर दुचाकी नको. लोकलने जायची वेळ आली तर गर्दीची वेळ टाळा, एका धक्क्यात फ्लॅप सुटू शकतो. पावसाळ्यात पट्टी भिजली तर वाळायची वाट न बघता लगेच बदला.

कान काही महिने बधिर राहतो. तेवढे दिवस गरम शेक, हेअर ड्रायर आणि मोबाइल कानाला लावून झोपणं टाळा. भाजलेलं कळत नाही. तीन आठवड्यांनी जखम पूर्ण मिटली की सिलिकॉन जेल आणि हलका मसाज सुरू करा. व्रण जाड होऊन जखमेबाहेर पसरायला लागला तर ते केलॉइड. लवकर दाखवलं तर ट्रायम्सिनोलोन या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने आटोक्यात येतं. आकारातली बारीक दुरुस्ती मात्र सहा महिने ते वर्षभर थांबूनच करावी, तोवर व्रण बदलत राहतो.

तपासण्या चुकवू नका. स्क्वॅमस सेल कॅन्सरनंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची तीन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दर खेपेला डॉक्टरांनी कान, कानामागची जागा, गाल आणि मान बोटांनी तपासलीच पाहिजे. नुसता कान बघून "छान झालाय" म्हटलं तर मान पुढे करा आणि तपासायला सांगा. आझाद मैदानावर दिवसभर अंपायरिंग करणारा असो, चौकातला वाहतूक पोलीस असो की होडीवरचा कोळी, पुढे झापड असलेली क्रिकेटची टोपी कानाला सावली देत नाही. चहूबाजूंनी सात-आठ सेंटिमीटर कड असलेली टोपी घ्या, आणि एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन दोन्ही कानांच्या कडेवर आणि मागे लावा. उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचं.